स्थळाची बैठक: होकार-नकाराच्या खुणा कशा वाचाव्यात

पाहुणे जिना उतरले की घरात लगेच दोन तट पडतात. आत्या म्हणते, "जमलं समजा, किती हसून बोलत होते." काका म्हणतात, "कसलं जमतंय, मुलगा दोनदा घड्याळ बघत होता." दोघांनी एकेक खूण उचललेली असते आणि तिच्यावर अख्खा निकाल लावलेला असतो. बैठकीत माणसाचं शरीर बरंच काही सांगतं, पण ते असं एका खुणेत सांगत नाही. इंदुरात लोकमान्यनगर, सुदामानगर, रामबागेपासून विजयनगरपर्यंतच्या मराठी घरांत जे मामा, काकू किंवा शेजारचे आजोबा अशा बैठकींत मध्यस्थ म्हणून बसतात, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहिली आहे. ज्याचं लग्न ठरायचंय त्याने ती त्या तासाभरात वापरू नये. त्याने बोलावं.

आधी कशाचा अंदाज बांधता येतो ते ठरवून घ्या. दोघांना एकमेकांशी बोलणं सोपं जातंय का, हे दिसतं. कोणत्या विषयाशी गाडी अडते, तेही दिसतं. पत्रिका, फिरतीची नोकरी, थोरल्या भावाचं मत, आधीच बघून ठेवलेलं दुसरं स्थळ यांतलं काहीच दिसत नाही, आणि पुष्कळ नकार तिथूनच येतात. म्हणजे आपण बैठकीचं भाकीत करतो, लग्नाचं करत नाही.

तेवढ्यापुरतं मात्र हे भाकीत पोकळ नसतं. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३मध्ये दाखवलं की शिक्षकांच्या दहा-दहा सेकंदांच्या तीन मूक चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या, तर त्यांनी दिलेले गुण विद्यार्थ्यांनी सत्राच्या शेवटी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात. २००७मध्ये जेरेड कर्हान आणि अ‍ॅलेक्स पेंटलंड यांनी नोकरीच्या पगाराच्या लुटुपुटीच्या वाटाघाटी ध्वनिमुद्रित केल्या. पहिल्या पाच मिनिटांत कोण किती बोलतं, आवाजातले चढउतार कसे आहेत, एकाच्या बोलण्याचा सूर दुसरा उचलतो का, एवढ्यावरून अंतिम निकालातला सुमारे ३० टक्के फरक समजावता आला. शब्द काय होते हे त्यांनी मोजलंच नव्हतं. उरलेले ७० टक्के मात्र विसरू नका.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणं), वेपथू (थरथर), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). हसणं, मान डोलावणं ठरवून करता येतं. घाम, आवाज बदलणं, हात थरथरणं सहसा हुकमी आणता येत नाही. पण तिथेच स्वेदाची कारणं राग, भय, हर्ष, लाज, श्रम, ऊन अशी एकापाठोपाठ एक दिली आहेत, हे लोक वाचत नाहीत. तळहाताला घाम सुटणं म्हणजे शरीर जागं झालं, एवढंच. कशाने जागं झालं ते शोधायचं काम तुमचं.

खोली मांडणं

निम्म्या चुका खोलीतच होतात. मे महिन्यात कूलर घरघरत असेल तर सगळेच पुढे झुकून बसतात, आणि मध्यस्थ समजतो की वा, काय रस घेताहेत! त्यांना फक्त ऐकू येत नसतं. म्हणून बोलणी सुरू होताना कूलर बारीक करा, टीव्ही बंद करा, पंखा चालू ठेवा. डिसेंबर-जानेवारीत हाताची घडी घातलेली दिसली तर आधी खिडकी लावा, मग अर्थ काढा.

मुलगा आणि मुलगी अगदी समोरासमोर नकोत. टीपॉयच्या कोपऱ्याशी काटकोनात, चार-साडेचार फुटांवर बसवा. समोरासमोर बसवलं की नजर कुठे ठेवायची हाच एक प्रश्न होऊन बसतो, आणि मग चुकवलेल्या नजरेला काही किंमत उरत नाही. तुम्ही स्वतः बाजूच्या खुर्चीत बसा, जिथून दोघांचे हात आणि पाय दोन्ही दिसतील. खोल सोफ्यात रुतलेल्या माणसाचं काहीच वाचता येत नाही, त्यामुळे निदान त्या दोघांना तरी सरळ पाठीच्या खुर्च्या द्या.

आता पोहे. इंदुरी पोह्यांवर शेव आणि जिरावण हा मसाला भुरभुरलेला असतो. बाहेरगावच्या पाहुण्याला पहिल्या चार घासांतच नाकात पाणी आणि कपाळावर घाम येऊ शकतो. शिवाय तोंडात घास असताना उत्तर उशिराच येणार. म्हणून बश्या हातात असेपर्यंत काहीही मोजू नका, तो वेळ आधाररेषेसाठी, म्हणजे माणूस एरवी कसा असतो ते बघण्यासाठी ठेवा. बश्या उचलल्या, चहा आला की खरं निरीक्षण सुरू करायचं. जिलेबी चहानंतर ठेवलेली बरी, चिकट बोटांचा माणूस हात जागचे हलवत नाही.

आधाररेषा: पहिली दहा मिनिटं

सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे, आणि घाई करणारे नेमका हाच भाग गाळतात. जिना चढून, रहदारीतून आलेल्या माणसाची नाडी आणि घाम स्थिरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात त्याला बिनधोक प्रश्न विचारा: गाडी कुठे लावली, राजवाड्याकडून आलात की बायपासने, भोपाळहून निघायला किती वाजले. यांची उत्तरं देताना कुणालाच लपवायचं काही नसतं. म्हणून तो माणूस एरवी कसा असतो ते इथे दिसतं.

प्रत्येकाच्या पाच गोष्टी मनात टिपा: प्रश्न संपल्यावर उत्तर किती लवकर सुरू होतं, बोलण्याचा वेग, हात किती हलतात, नजर कुणाकडे जास्त जाते, आणि बसण्याची ठेवण. काही जण जन्माचे सावकाश बोलतात. काही जण पाय हलवत बसतात ते लहानपणापासून. एखादी मुलगी वडीलधाऱ्यांसमोर नजर खालीच ठेवते, तो आदर असतो. हे सगळं त्या व्यक्तीच्या खात्यात जमा धरायचं आणि पुढे फक्त त्यातला बदल बघायचा. तिची तुलना आपल्या मुलीशी किंवा मागच्या रविवारच्या पाहुण्यांशी केलीत की संपलं.

काय बघायचं

सगळ्यांत भरवशाची खूण कानाने टिपायची आहे: प्रश्न आणि उत्तर यांमधली फट. २००९मध्ये दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात ही फट सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली, म्हणजे डोळा मिचकावण्याइतकी. मराठी त्या दहांत नव्हती, पण भाषा इतक्या वेगवेगळ्या कुळांतल्या होत्या की आपण फार वेगळे असू असं वाटत नाही. त्यातली कामाची गोष्ट पुढे आहे: होकारार्थी उत्तरं नकारार्थी उत्तरांपेक्षा लवकर येतात. मिलिसेकंद तुम्हाला मोजता येणार नाहीत, मोजायची गरजही नाही. प्रश्न संपला की मनात "एक-दोन" म्हणा. ते आरामात म्हणून झालं आणि उत्तर अजून आलं नसेल, आणि याच माणसाची आधीची उत्तरं प्रश्न संपायच्या आत येत होती, तर त्या विषयावर खूण करा.

दुसरी खूण लयीची. गप्पा रंगल्या की दोघं एकमेकांचं वाक्य थोडं तोडतात, "हो ना", "अच्छा", "मग?" अशी भर घालतात, आणि आवाजाचा वेग एकमेकांच्या जवळ येतो. गाडी अडली की पाळीपाळीने बोलणं सुरू होतं, मुलाखतीसारखं. इंदुरात याला एक खास जोड आहे. इथे वाढलेली मराठी मुलं घरात मराठी आणि मित्रांत हिंदी बोलतात. बैठकीत दोघं शुद्ध मराठीत सुरुवात करतात आणि वीस मिनिटांनी एखादं वाक्य नकळत हिंदीत सरकतं, दुसऱ्याचं उत्तरही हिंदीत येतं, तर औपचारिकपणा उतरला असं समजायला हरकत नाही. एकटाच हिंदीत गेला आणि दुसरा मराठीतच राहिला, तर मात्र त्याला महत्त्व देऊ नका.

प्रश्नही मोजा. यादीतले प्रश्न वेगळे: शिक्षण कुठे झालं, छंद काय, स्वयंपाक येतो का. आधीच्या उत्तरातून फुटलेला प्रश्न वेगळा: "बडोद्याला होतात म्हणता, मग तिथे गरबा शिकलात का?" २०१७मध्ये कॅरेन ह्वांग आणि सहकाऱ्यांनी झटपट भेटींच्या (स्पीड डेटिंगच्या) कार्यक्रमांतली संभाषणं तपासली. असे उत्तरातून निघालेले प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीचे होकार जास्त मिळाले होते. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंनी असे तीन-चार प्रश्न आले तर बैठक चांगली चालली आहे. एका बाजूने शून्य असतील तर दुसऱ्या बाजूच्या दहांना फारसा अर्थ नाही.

अनुकरणाबद्दल लोक फार उत्साही असतात. टान्या चार्ट्रँड आणि जॉन बार्ग यांनी १९९९मध्ये दाखवलं की माणसं समोरच्याच्या नकळत हालचाली उचलतात, आणि ज्याचं अनुकरण होतं त्याला समोरचा थोडा जास्त आवडतो. पण चहाचे कप एकदम उचलले गेले याला अनुकरण म्हणू नका. सगळ्यांचा चहा एकाच वेळी निवतो. बसण्याची ठेवण बघा: एकाने टेकून बसणं सोडलं आणि पाच-दहा सेकंदांत दुसऱ्यानेही सोडलं, हे दोन-तीनदा घडलं तर टिपा.

हसण्याला सगळ्यांत कमी गुण द्या. डोळ्यांभोवती सुरकुत्या आल्या म्हणजे हसू खरं, हा नियम ड्युशेन या फ्रेंच वैद्याच्या १८६२च्या निरीक्षणातून आला. तो पुढे फार प्रसिद्ध झाला, पण तसं हसू अनेकांना हुकमी आणता येतं. आणि पाहुण्यांसमोर हसतमुख राहा असं तर मुलीला सकाळपासून बजावलेलं असतं.

एका विषयाशी निदान दोन बदल

एकटी खूण कधीच धरू नका. एकाच विषयाशी, चार-पाच सेकंदांच्या आत, निदान दोन वेगळ्या जागी बदल दिसला पाहिजे: आवाज आणि हात, किंवा फट आणि बसण्याची ठेवण. विषय पुन्हा निघाल्यावर तो पुन्हा दिसला तरच वहीत घ्यायचा.

समजा मुलाची आई विचारते, "ह्याची पुण्याला बदली झाली तर चालेल ना गं तुला?" आतापर्यंत पटापट बोलणारी मुलगी एक-दोन म्हणून होईपर्यंत थांबते. अर्धा प्यालेला कप टीपॉयवर ठेवते, बशीवर तो किंचित वाजतो. दोन्ही हात मांडीवर येतात आणि ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं जातं. मग उत्तर येतं, "हो, चालेल की." शब्दांत होकार आहे. फट, कप आणि हात तिन्हींत बदल आहे. पुण्याशी काहीतरी अडतंय एवढं आता नक्की म्हणता येईल. मुलगा आवडला नाही, असं म्हणता येणार नाही.

इथे बरेच मध्यस्थ "अगं, घाबरतेस काय" म्हणून टाकतात. त्याने ती अधिक आवळली जाते, आणि तिच्या त्यानंतरच्या सगळ्या खुणा तुमच्या वाक्याच्या असतात. पाचेक मिनिटं दुसरं काही बोला, मग हो-नाहीत न संपणारा प्रश्न टाका: "पुण्यात राहायचं झालं तर काय काय बघावं लागेल गं?" बहुतेक वेळा कारण साधं निघतं: आई-वडील इथे एकटे पडतील, किंवा इथली नोकरी सुटेल. त्यावर बोलणं होऊन पुन्हा पुण्याचा विषय निघाला आणि फट मिटली, तर अडचण सुटण्यासारखी आहे. फट तशीच राहिली तर ती वहीत लिहा.

खोटं पकडायच्या फंदात पडू नका. चार्ल्स बाँड आणि बेला डेपॉलो यांनी २००६मध्ये असंख्य प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तेव्हा लोक खरं-खोटं ओळखण्यात सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाले. नाणं उडवलं तर ५०. मुलाच्या पगाराबद्दल शंका असेल तर पगाराची स्लिप मागा, त्याच्या पापण्या मोजू नका.

आतल्या आवडीबद्दलही एक मर्यादा आहे. २०२२मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अनोळखी जोड्यांच्या पहिल्या भेटीत हृदयाचे ठोके आणि त्वचेचा ओलावा मोजला. दोघांचे हे चढउतार एकमेकांशी जुळले तिथे आकर्षण जास्त होतं. डोळ्यांना दिसणारं हसणं, बघणं, अनुकरण यांवरून मात्र ते सांगता आलं नाही. सोफ्यावरून हृदयाचे ठोके दिसत नाहीत, तेव्हा "दोघं एकमेकांना आवडले" असं छातीठोक सांगणाऱ्या नातेवाइकाकडे फार लक्ष देऊ नका.

दारातली दहा मिनिटं

मराठी घरात निरोप बसल्या जागी संपत नाही. "येतो", "या हं" झाल्यावर चपला घालताना, लिफ्टपाशी, गाडीच्या काचेतून असं तो चालूच राहतो. तेव्हा लोक सैल झालेले असतात, म्हणून हा भाग वाचायला सोपा. इथे गोड शब्दांपेक्षा ठोस तपशील शोधा. "या एकदा आमच्याकडे" हे सगळेच म्हणतात. "पुढच्या रविवारी दीदीपण असेल, तेव्हाच या" यात दिवस आहे आणि माणूस आहे. "घरी बोलून कळवतो" म्हणताना पाय दाराकडे वळलेले आणि एका बाजूने विषय आधीच संपलेला असेल, तर दोन दिवसांनी "पत्रिका जुळत नाही" ऐकायची तयारी ठेवा. मुलाचे आई-वडील निघायला उठले आणि मुलगा-मुलगी अजून बसूनच बोलत असतील, तर थोरांच्या पावलांपेक्षा त्या दोघांकडे बघा.

देण्याघेण्याची बोलणी आणि तुमची स्वतःची नाडी

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत हॉल, जेवणावळ, मानपान निघतं, आणि तिथे वाचायचं ते स्वतःचं शरीर. रॉबर्ट लेव्हन्सन आणि जॉन गॉटमन यांनी १९८५मध्ये नवरा-बायकोंच्या बोलण्यादरम्यानच्या शारीरिक नोंदींचा पाठपुरावा प्रसिद्ध केला: ज्यांचं शरीर बोलताना जास्त उद्दीपित होतं, ठोके आणि घाम जास्त, त्यांचं समाधान पुढच्या तीन वर्षांत जास्त घसरलं होतं. गॉटमन यांचा व्यवहारातला सल्ला असा की ठोके मिनिटाला १००च्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकू येणं बंद होतं, आणि शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात.

मोजायचं असं: उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा, चाराने गुणा. टीपॉयखाली हात ठेवला तर कुणाला कळतही नाही. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. मनगटी घड्याळाचा आकडा हात हलता असला की चुकतो आणि थोडा मागे चालतो. नुकतेच जिना चढून आला असाल किंवा दोन कप चहा झाला असेल तर आकडा तसाही वर असणार, म्हणून बैठकीआधी एकदा बघून ठेवा. १००च्या वर गेलात तर "जरा शिकंजी घेऊ या" म्हणून उठा आणि खरंच वीस मिनिटं काढा, छप्पन दुकान या खाऊगल्लीकडे एक चक्कर मारली तरी चालेल. फक्त वाटेत तेच भांडण उगाळू नका. उगाळत राहिलात तर ठोके उतरत नाहीत.

वही

पाहुणे गेले की कुणाशीही बोलायच्या आत लिहा. तीन रकाने पुरेत: विषय, काय बदललं, किती वेळा. खाली एक ओळ भाकिताची: पुढची भेट होईल की नाही, आणि दहापैकी किती खात्री. घरचे बोलू लागले की तुमची आठवण त्यांच्या मताकडे सरकते, म्हणून हा क्रम सोडू नका.

दहा स्थळं झाली की ताळा करा, पण नुसते बरोबर किती आले हे मोजू नका. दहांतली आठ स्थळं एरवीही पुढे जात नसतील, तर डोळे मिटून दर वेळी "नाही" म्हणणाऱ्याचे आठ बरोबर येतात. तुमचे सात आले तर निरीक्षणाने नुकसानच केलं. नऊ आले, आणि जी दोन स्थळं पुढे गेली ती तुम्ही आधी सांगितली होती, तर पद्धत थोडी तरी हाताला बसली. चुकलेली पानं आधी वाचा. बहुतेकांच्या चुका एकाच दिशेच्या असतात: स्वतः आणलेल्या स्थळात सगळं हिरवं दिसतं.

मोबाइलवर चोरून चित्रफीत काढू नका. नंतर कुणाला कळलं तर ठरलेलं मोडेल, आणि अशी फीत दहा वेळा बघूनही कूलरचा आवाज आणि आधाररेषा यांची उणीव भरून निघत नाही.

शेवटचं काम त्याच रात्री, पाहुणे गेल्यावर, मुलीशी एकटीशी बोलायचं. वही बाजूला ठेवा आणि सरळ विचारा. तुमच्या रकान्यांत सगळ्या खुणा चांगल्या असतील, ती तासभर खळखळून हसली असेल, तरी ती "नाही" म्हणाली तर पान तिथेच बंद करून दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाकडे फोन करा. ती "हो" म्हणाली आणि पुण्यापाशी तुमची खूण असेल, तर फोनवर पुण्याचा विषय तुम्हीच आधी काढा.